रियाजाचा खर्च कोणी उचलावा?

संगीत, नृत्य आणि नाट्य यांचे गंभीर शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना शासनाकडून मिळणाऱ्या साहाय्याविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. हौस म्हणून किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनापुरते शिकणाऱ्या मुलांचा विचार येथे केलेला नाही. ज्यांना पुढे कलेवरच उभे राहायचे आहे आणि ज्यांचे गुरूही त्यांच्याकडे त्याच दृष्टीने पाहतात, अशा मुलांपुरतीच ही उत्तरे आहेत.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची असून लहानपणापासून कथक शिकते. दिल्लीच्या ‘सीसीआरटी’ची शिष्यवृत्ती तिला मिळू शकेल, असे तिच्या गुरूंनी सुचवले आहे. ती नेमकी किती असते आणि तिच्यासाठी धडपड करावी अशी ती आहे का? — एक पालक, इचलकरंजी

‘सीसीआरटी’ म्हणजे केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीतील सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि कपिला वात्स्यायन यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये ही संस्था स्थापन झाली आणि १९८२ पासून तेथील प्रतिभा शोध शिष्यवृत्ती सुरू आहे. १० ते १४ वर्षे वयाच्या मुलांना तिच्यासाठी अर्ज करता येतो. दरवर्षी देशभरातून ६५० मुले निवडली जातात. त्यांपैकी ३७५ जागा सर्वसाधारण आहेत. उरलेल्यांपैकी १२५ परंपरेने कला जोपासणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी, १०० आदिवासी संस्कृतीसाठी, ३० दिव्यांग मुलांसाठी आणि २० साहित्यलेखन करणाऱ्यांसाठी ठेवलेल्या आहेत. एकदा निवड झाली आणि प्रगती समाधानकारक राहिली, तर दर दोन वर्षांनी नूतनीकरण होऊन ही शिष्यवृत्ती वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत किंवा पहिली पदवी हाती येईपर्यंत चालू राहते.

आता रकमेविषयी. वर्षाला ३,६०० रुपये विद्यावेतन आणि गुरूंना प्रत्यक्ष दिलेल्या शुल्काची वर्षाला जास्तीत जास्त ९,००० रुपयांपर्यंत भरपाई, असे तिचे स्वरूप वर्षानुवर्षे राहिले आहे. अर्ज करताना त्या वर्षीच्या जाहिरातीतील आकडा अवश्य पाहावा. म्हणजे महिन्याला ३०० रुपये हातखर्चाला आणि ७५० रुपये गुरूंच्या शुल्कापोटी. तबल्याची साथ, घुंगरू, पोशाख आणि शिकवणीसाठी कोल्हापूर किंवा पुण्याला जाण्याचा खर्च यांचा हिशेब आपण घरी मांडलाच असेल. या शिष्यवृत्तीने त्याचा फार थोडा भाग भागेल, हे मनाशी धरूनच अर्ज करावा.

तरीही अर्ज जरूर करावा, असेच माझे मत आहे. आपल्या गुरूंना आणि नातेवाइकांना ओळखत नसलेल्या तज्ज्ञांसमोर उभे राहून कला सादर करण्याची वेळ लहान गावातील मुलांवर सहसा येत नाही आणि ती दहा-बारा वर्षांच्या वयात येणे फार उपयोगाचे असते. शिवाय निवड झाल्यावर ठरावीक काळाने प्रगतीचा अहवाल पाठवावा लागत असल्याने शिक्षणाला एक शिस्त लागते. निवड चाचणीसाठी घाईघाईने एखादी अवघड रचना बसवून घेण्याच्या फंदात पडू नये. तीनतालातील जे येते ते स्वच्छ यावे, पढंत करताना, म्हणजे तोंडाने बोल म्हणताना, हातावरचा ताल ढळू नये आणि लय वाढली तरी पायांचे बोल पुसट होऊ नयेत, एवढे पुरेसे आहे. कागदपत्रांमध्ये जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड दाखला आणि गुरूंचे प्रमाणपत्र ही मुख्य होत. गुरूंकडून शुल्काची दर महिन्याची पावती तारीख घालून आजपासूनच घेण्याची सवय लावावी, कारण पावती नसेल तर ९,००० रुपयांची भरपाई कागदावरच राहते. आपल्याकडे गुरूंकडे पावती मागणे अवघड वाटते, हे खरे. पण सरकारी नियमासाठी ती हवी आहे असे सांगितल्यास कोणतेही समजूतदार गुरू राग मानणार नाहीत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आमच्या तालुक्यातील बहुतेक शाळांत संगीताची पेटीसुद्धा नाही. अशा वेळी मोजक्या प्रतिभावंत मुलांवर सरकारने पैसा खर्च करणे हा उरलेल्या मुलांवर अन्याय नव्हे काय? — एक वाचक, जालना जिल्हा

आपली तक्रार रास्त आहे आणि तिला कायद्याचाही आधार आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील, तर त्या शाळेत कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असणे अपेक्षित आहे. ही तरतूद नीट पाळली गेली असती, तर आपल्याला हा प्रश्न विचारावा लागला नसता. मात्र शाळेतील कलाशिक्षक आणि प्रतिभावंत मुलाचे विशेष प्रशिक्षण ही दोन वेगळी कामे आहेत. एकाचा पैसा काढून घेतला तर दुसरे काम होईल, असे अनुभवाला आलेले नाही. बहुधा दोन्हीही होत नाहीत.

मोजक्यांवर खर्च करण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली संगीतशाळा सुरू झाली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली. ग्वाल्हेर संस्थानाच्या पाठबळावर विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय उभे केले आणि १९२६ मध्ये लखनौचे मॅरिस कॉलेज सुरू झाले. याच्या उलट, विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरात काढलेले गांधर्व महाविद्यालय लोकवर्गणी आणि जाहीर जलशांच्या मिळकतीवर चालले. त्यांच्या कामाचा आवाका मोठा होता. परंतु मुंबईला विद्यालयासाठी बांधलेली इमारत अखेर कर्जापायी लिलावात गेली. पलुस्करांसारख्या कर्तृत्ववान माणसाची ही गत झाली, याचा अर्थ असा की, केवळ तिकिटांच्या आणि देणग्यांच्या जोरावर दीर्घ मुदतीचे निवासी प्रशिक्षण चालवणे त्या काळीही परवडत नव्हते.

स्वातंत्र्यानंतरचे एक उदाहरण तर अगदी जवळचे आहे. मध्य प्रदेश सरकारने १९८१ मध्ये भोपाळला ध्रुपद या जुन्या शास्त्रीय गायनप्रकारासाठी ध्रुपद केंद्र सुरू केले, उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांना गुरू म्हणून आणले आणि निवडक विद्यार्थ्यांना विद्यावेतन देऊन त्यांच्याजवळ शिकायला ठेवले. त्या काळी ध्रुपदाला श्रोते कमी होते आणि नव्या पिढीतील गायक त्याहून कमी. आज पुण्यात स्थायिक असलेले ध्रुपदगायक उदय भवाळकर याच केंद्रात तयार झाले. मोठी इमारत, जाहिरात किंवा महोत्सव यांवर खर्च करण्याऐवजी एका सरकारने गुरूचा आणि काही शिष्यांचा वेळ विकत घेतला, आणि वाळत चाललेल्या झाडाला नवी पालवी फुटली. सरकारी पैशाचा इतका नेमका वापर कलेच्या क्षेत्रात मला क्वचितच दिसला आहे.

आपल्या प्रश्नातील ‘अन्याय’ या मुद्द्याकडे आता दुसऱ्या बाजूने पाहू. शास्त्रीय गायन, वादन किंवा नृत्य यांत तयार होण्यासाठी आठव्या-दहाव्या वर्षी सुरुवात करून पुढे दहा-पंधरा वर्षे रोज कित्येक तास द्यावे लागतात आणि या काळात कमाई जवळजवळ शून्य असते. सरकार बाजूला राहिले, तर हे शिक्षण बंद पडणार नाही. ते फक्त दोनच प्रकारच्या घरांत उरेल. एक म्हणजे ज्यांच्या घरातच गुरू आहे ती घरे आणि दुसरी ज्यांच्याकडे पैसा आहे ती. आपल्या तालुक्यातील एखाद्या ऊसतोड कामगाराच्या मुलीचा आवाज असामान्य असला, तर तिला या दोन्ही दारांतून प्रवेश नाही. तिच्यासाठी तिसरे दार शासनाचेच असू शकते.

खेळांच्या बाबतीत ही गोष्ट आपण मान्य केली आहे. ‘खेलो इंडिया’ योजनेला २०१७ मध्ये नव्या स्वरूपात मंजुरी देताना दरवर्षी १,००० खेळाडू निवडून प्रत्येकावर वर्षाला ५ लाख रुपये, सलग ८ वर्षे खर्च करण्याचे ठरले. त्यात प्रशिक्षण, आहार, साहित्य आणि निवास हे सारे धरलेले असल्याने ही रक्कम शिष्यवृत्तीच्या रकमेशी थेट ताडून पाहणे पूर्णपणे न्याय्य होणार नाही. तरीही एका बाजूला ५ लाख आणि दुसऱ्या बाजूला सारे मिळून १२,६०० रुपये, हे अंतर केवळ हिशेबाच्या पद्धतीने भरून निघणारे नाही. खेळाडू घडवायला प्रशिक्षक, आहार आणि मैदान लागते हे सरकारला पटले आहे. कलावंत मात्र प्रमाणपत्र आणि हातखर्चावर घडेल, अशी समजूत अजून कायम आहे. माझा आक्षेप निवडलेल्या मुलांच्या संख्येवर नाही. संख्या कमी असली तरी चालेल, पण ज्यांना निवडले त्यांच्या गुरूंचे पूर्ण शुल्क, साथीदाराचे मानधन, प्रवास आणि गरज पडल्यास निवास हा सारा भार उचलला गेला पाहिजे. आज आपण प्रतिभा शोधण्यावर थांबतो आणि ती पोसण्याचे काम पालकांवर सोडून देतो.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा आहे. भजनात पखवाज वाजवत होतो. गेल्या वर्षापासून एका गुरूंकडे शास्त्रोक्त शिक्षण सुरू केले. चौदा वर्षांची मर्यादा ओलांडल्यामुळे मला आता कोणतीच शिष्यवृत्ती मिळणार नाही का? — एक विद्यार्थी, सावंतवाडी

आपण नेमके त्या फटीत सापडला आहात, जिच्याकडे योजना आखणाऱ्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. चौदाव्या वर्षापर्यंत निवड झालेल्या मुलाला विसाव्या वर्षापर्यंत आधार मिळतो, अठराव्या वर्षानंतर दुसरी योजना सुरू होते. पण पंधराव्या ते सतराव्या वर्षी नव्याने आत येण्यासाठी केंद्राच्या या शिष्यवृत्त्यांत दारच नाही. भजनी मंडळातून पखवाजाकडे किंवा दशावतारातून गाण्याकडे वळणारी मुले बहुधा याच वयात गुरूंकडे येतात, ही यातली खेदाची बाब.

आपल्यासाठी पुढची पायरी म्हणजे संस्कृती मंत्रालयाची युवा कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती. १८ ते २५ वर्षे वयाच्या ४०० जणांना ती दिली जाते. दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षे, आणि रक्कम सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत मिळते. गुरूंकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षे शिक्षण झालेले असणे ही तिची अट आहे. आपण पंधराव्या वर्षी सुरुवात केली असल्याने विसाव्या वर्षी पात्र व्हाल आणि त्यानंतरही पाच वर्षे हाताशी राहतील. शिक्षण केव्हा सुरू झाले याचे गुरूंच्या सहीचे पत्र आजच्या तारखेने घेऊन ठेवावे. पाच वर्षांनी मागची तारीख घालून दिलेल्या पत्रावर कोणी विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

दरम्यान क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांची गुरुशिष्य परंपरा योजना पाहावी. महाराष्ट्र हा उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र केंद्राचाही सदस्य आहे आणि नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र केंद्राचाही, त्यामुळे दोन ठिकाणी चौकशी करता येते. या योजनेत दरमहा गुरूंना ७,५०० रुपये, साथीदाराला ३,७५० रुपये आणि प्रत्येक शिष्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज विद्यार्थ्याने करायचा नसून प्रस्ताव गुरूंच्या नावाने जातो आणि लोप पावत चाललेल्या कलांना प्राधान्य असते. रक्कम फार नाही, पण गुरू, साथीदार आणि शिष्य या तिघांनाही एकत्र धरणारी ही एक योजना आहे आणि म्हणून तिची मांडणी मला इतर योजनांपेक्षा शहाणपणाची वाटते.

बारावीनंतर पूर्णवेळ शिक्षणाचा विचार असेल, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची माहिती घ्यावी. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रात संगीत, नृत्य आणि नाट्य यांचे पदवी शिक्षण गुरुकुल पद्धतीला धरून दिले जाते.

प्रश्न : दहावीला कलेचे वाढीव गुण मिळावेत म्हणून आमच्या वर्गात मुलांची रीघ लागते. हे सरकारी प्रोत्साहनच नव्हे का? — एक संगीतशिक्षिका, नाशिक

प्रोत्साहन आहे, पण ते परीक्षेला आहे. तीन परीक्षांचे टप्पे गाठले की इतके गुण, पाच गाठले की तितके, असे एकदा ठरले की पालक प्रवेशिका पूर्ण आणि मध्यमा पूर्ण या संगीत परीक्षांचे वेळापत्रक दहावीच्या वर्षावरून मागे मोजत येतात. दहावीचा निकाल लागल्यावर आपल्या वर्गात किती मुले उरतात, हे आपण माझ्याहून अधिक जाणता. गुण बंद करावेत असे मी म्हणणार नाही, कारण त्यामुळे निदान काही घरांतून पेटीचा आवाज येऊ लागला. मात्र सरकारच्या कलाविषयक खर्चाचा किंवा सवलतींचा हिशेब मांडताना ही सवलत प्रतिभावंतांच्या प्रशिक्षणाच्या खात्यावर जमा करू नये.

प्रश्न : आमचे घर तीन पिढ्यांपासून तमाशात आहे. माझा मुलगा अकरा वर्षांचा असून ढोलकी उत्तम वाजवतो, पण दसऱ्यापासून जत्रांचा हंगाम संपेपर्यंत आम्ही गावोगाव फिरत असल्याने त्याची शाळा बुडते. अशा मुलांना शिष्यवृत्ती देताना कोणी विचारात घेते का? — एक कलावंत, जुन्नर तालुका

नियमांत घेतले आहे. पहिल्या उत्तरात उल्लेख केलेल्या ६५० जागांपैकी १२५ जागा परंपरेने कला करणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी आहेत आणि पात्रतेची अट ‘मान्यताप्राप्त शाळेत शिकणारा किंवा अशा कुटुंबातील’ अशी दुहेरी ठेवलेली आहे. म्हणजे शाळेतील हजेरी कमी आहे एवढ्या कारणाने आपल्या मुलाचा अर्ज बाजूला पडू नये. ढोलकीसाठी अर्ज भरताना फडातील वादन आणि कुटुंबाची परंपरा यांचा पुरावा म्हणून जुन्या कार्यक्रमपत्रिका, छायाचित्रे आणि ग्रामपंचायतीचे पत्र जोडावे.

अडचण पुढे येते. मुलगा आपल्याच वडिलांकडे किंवा काकांकडे शिकतो. त्याला कोण शुल्काची पावती देणार? त्यामुळे ९,००० रुपयांच्या भरपाईचा भाग बहुधा हातचा जातो आणि उरतात ३,६०० रुपये. ज्या घरांत कला आईबापांकडून मुलाकडे जाते, त्या घरांसाठीच राखीव जागा ठेवायच्या आणि भरपाई मात्र बाहेरच्या गुरूला दिलेल्या पैशांचीच करायची, ही विसंगती दूर करणे सहज शक्य आहे. अशा मुलांना शुल्काऐवजी तेवढीच रक्कम वाद्याची दुरुस्ती, प्रवास आणि शाळेची पुस्तके यांसाठी देता येईल.

राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयातर्फे तमाशा, दशावतार, शाहिरी, खडीगंमत, कीर्तन अशा कलांची प्रशिक्षण शिबिरे होतात, त्यांचाही आपण लाभ घ्यावा. शिबिरातून ओळखी होतात आणि शहरातील मुलांना या कलांची तोंडओळख होते. परंतु काही दिवसांच्या शिबिरातून ढोलकीपटू तयार होत नाही, हे आपल्याला सांगायला नको. शास्त्रीय संगीताच्या मुलाला वर्षानुवर्षे चालणारी शिष्यवृत्ती आणि लोककलेच्या मुलाला शिबिर, ही विभागणी कोणी ठरवून केली नसावी. पण प्रत्यक्षात ती झाली आहे.

मुलाची शाळा मात्र सोडू नये. हंगामाच्या काळात त्याला आजी-आजोबांकडे ठेवता येत असेल तर ठेवावे आणि सुट्टीत त्याला फडावर आणावे. वाजवण्यात खंड पडेल या भीतीने आपण हे टाळत असाल, तर रोजचा हात त्याला घरीही ठेवता येईल. बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या रंगमंचावर, उभे राहण्याचा अनुभव काही वर्षांनी मिळाला तरी बिघडत नाही.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये स्थायिक आहोत. आमचा मुलगा व्हायोलिन शिकतो आणि त्याच्या शिक्षिकेने सरकारी मदतीवर चालणाऱ्या खास संगीत शाळेचा मार्ग सुचवला आहे. ही पद्धत कशी आहे आणि भारतात असे काही का नाही? — एक पालक, लंडन

इंग्लंडमधील या योजनेचे मूळ १९८१ मधील आहे आणि ती आता ‘म्युझिक अँड डान्स स्कीम’ या नावाने चालते. तिच्यात आठ शाळा येतात. संगीतासाठी मँचेस्टरची चेथम्स, परसेल, वेल्स कॅथीड्रल आणि व्हायोलिनवादक येहुदी मेन्यूहिन यांनी १९६३ मध्ये स्थापन केलेली त्यांच्याच नावाची शाळा. नृत्यासाठी रॉयल बॅले, एल्महर्स्ट, ट्रिंग पार्क आणि हॅमंड. पद्धत अशी की, प्रवेश केवळ चाचणीतील गुणवत्तेवर ठरतो आणि त्यानंतर पालकांच्या उत्पन्नानुसार त्यांनी किती शुल्क भरायचे ते ठरते. उरलेला भाग शिक्षण विभाग शाळेला देतो. सामान्य शिक्षण, वाद्याचे शिक्षण आणि निवास एकाच छताखाली असल्याने मुलाला शाळा आणि रियाज यांत निवड करावी लागत नाही. निवासी शाळा नको असेल, तर आठवड्याच्या शेवटी शिकवणारी प्रगत प्रशिक्षण केंद्रेही याच योजनेत आहेत. त्यांतील काही ठिकाणी भारतीय नृत्यालाही जागा मिळालेली आहे. अर्ज करताना वास्तव्याच्या अटी आधी तपासाव्यात. या शाळा खाजगी क्षेत्रात मोडत असल्याने जानेवारी २०२५ पासून खाजगी शाळांच्या शुल्कावर लागू झालेल्या मूल्यवर्धित कराचा आपल्या वाट्याच्या रकमेवर काय परिणाम होईल, हेही शाळेला स्पष्ट विचारून घ्यावे.

भारतात असे काहीच नाही, हे मात्र खरे नव्हे. त्रिशूर जिल्ह्यातील चेरुतुरुत्ती येथील केरळ कलामंडलम् वळ्ळत्तोळ या कवीने १९३० मध्ये स्थापन केले आणि पुढे ते सरकारी पाठबळावर चालू लागले. तेथे आठवीपासून मुले दाखल होतात, शालेय विषय शिकतात आणि त्याबरोबर कथकली, मोहिनीअट्टम् किंवा चेंडा या तालवाद्याची कडक तालीम घेतात. महाराष्ट्रात शालेय वयासाठी अशी एकही सरकारी संस्था नाही. क्रीडा प्रबोधिनी राज्याने उभ्या केल्या; त्याच धर्तीवर मिरजेसारख्या गावी, जेथे तंतुवाद्ये घडवणाऱ्यांची परंपरा आहे आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीने दरवर्षी गायक-वादक जमतात, एखादी संगीत प्रबोधिनी का असू नये, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

एक इशारा येथेच द्यायला हवा. लहान मुले घरापासून दूर, गुरूंच्या पूर्ण अधिकाराखाली राहतात तेथे त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न निर्माण होतो. तो भारतातही झाला आहे आणि इंग्लंडमधील संगीत शाळांतही झाला आहे. मुलाला कोणत्याही निवासी संस्थेत ठेवण्यापूर्वी तक्रार कोणाकडे करायची, एकट्याने शिकवण्याच्या खोलीला काचेचे दार आहे का आणि पालकांना केव्हाही भेटता येते का, हे तीन प्रश्न संकोच न करता विचारावेत. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या संस्थेला तर ते ऐकून घेणे भागच आहे.

प्रश्न : आमची नोंदणीकृत संस्था नृत्य आणि गायन शिकवते. आम्हाला वस्तू व सेवा कर लागू होतो, असे सल्लागार म्हणतात. पण शेजारच्या एका नृत्यगुरूंना तो लागत नाही. असे कसे? — एक विश्वस्त, ठाणे

सल्लागारांचे म्हणणे बरोबर आहे. १८ जुलै २०२२ पासून कला आणि संस्कृती यांच्या प्रशिक्षणावरील करमाफी व्यक्तीने दिलेल्या शिक्षणापुरती मर्यादित झाली. संस्थेने दिलेले शिक्षण त्या सवलतीतून बाहेर पडले. आपली वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर नोंदणीचा प्रश्न सहसा येत नाही. त्यापुढे गेल्यास १८ टक्के दराने कर बसतो. क्रीडा प्रशिक्षण देणाऱ्या धर्मादाय संस्थांची सवलत मात्र तशीच राहिली, याकडे मी आपले लक्ष वेधतो. एका हाताने शुल्काची ९,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यायची आणि दुसऱ्या हाताने त्याच शुल्कावर कर घ्यायचा, यात धोरण कोणते आहे हे समजणे कठीण आहे.

प्रश्न : माझ्या मुलाला एक शासकीय शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण वर्ष उलटले तरी एकही हप्ता आलेला नाही. कार्यालयातून ‘प्रक्रियेत आहे’ एवढेच उत्तर मिळते. — एक पालक, अमरावती

प्रथम आपल्या बाजूच्या तीन गोष्टी तपासाव्यात : बँक खाते मुलाच्या नावाचे असून आधारशी जोडलेले आहे का, खात्यावरील नाव आणि मंजुरीपत्रावरील नाव अक्षरशः सारखे आहे का, आणि गुरूंच्या सहीचा प्रगती अहवाल वेळेत पोहोचला असून त्याची पोच आपल्याकडे आहे का. अहवाल साध्या टपालाने कधीही पाठवू नये. हे सारे व्यवस्थित असेल, तर केंद्र सरकारच्या योजनेसाठी केंद्राच्या तक्रार निवारण संकेतस्थळावर आणि राज्याच्या योजनेसाठी ‘आपले सरकार’वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. तरीही उत्तर आले नाही, तर माहिती अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. त्यात ‘पैसे कधी मिळतील’ असे विचारू नये. ‘या मंजुरी क्रमांकाचे देयक कोणत्या तारखेला तयार झाले, सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे आणि कोणत्या कारणाने थांबले आहे’ असे विचारावे. उत्तर देण्यासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे आणि अनेकदा अर्ज पोहोचल्यावर देयकच पुढे सरकते. तोपर्यंत गुरूंना परिस्थिती मोकळेपणाने सांगावी आणि शुल्काच्या पावत्या घेणे थांबवू नये, कारण हप्ते एकत्र मिळाले तर भरपाईसाठी त्या सगळ्या महिन्यांच्या पावत्या लागतील.